शिरेतून दिलेलं अन्न

‘काहीच खात नाहीत हो, निदान सलाईन तरी लावा,’ ही विनवणी प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. पण अर्धा लिटरच्या 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत साखर असते जेमतेम 25 ग्रॅम, म्हणजे एका पोळीएवढी ऊर्जा. त्यात ना प्रथिनं, ना स्निग्धांश.

पूर्ण पोषण शिरेतून द्यायचं तर तीन कप्प्यांची पिशवी लागते. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्लं, तिसऱ्यात तेलाचं पांढरं इमल्शन. पिशवी दाबून मधले पडदे उघडले की सारं एकजीव होतं. हे मिश्रण इतकं तीव्र असतं की हाताची शीर सुजते. म्हणून नळी हृदयालगतच्या मोठ्या शिरेपर्यंत न्यावी लागते. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी बीगल कुत्र्यांची पिल्लं केवळ अशा पोषणावर वाढवून दाखवली. आतडं निकामी झालेल्या किंवा काढावं लागलेल्या असंख्य रुग्णांचा जीव त्यामुळे वाचला. हे उपकार मोठेच आहेत.

पण तीच नळी जंतूंना थेट रक्तात वाट करून देते. रक्तातली साखर चढते, महिनोन्‌महिने चाललं तर यकृत बिघडतं. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर पोषण दिलं, तर इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

मग घाई करावी का? बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या 4,640 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. नाकातल्या नळीने पोषण अपुरं पडत होतं, अशा काहींना ते लगेच शिरेतून दिलं, काहींना आठव्या दिवसापर्यंत थांबवलं. मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. मात्र थांबलेल्यांत जंतुसंसर्ग 26.2 ऐवजी 22.8 टक्क्यांना झाला आणि माणशी खर्च सुमारे 1,100 युरोंनी घटला. आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर खराब झालेल्या पेशीभागांची सफाई करत असतं, पोषणाचा मारा ती रोखत असावा, असं संशोधकांना वाटतं.

याचा अर्थ सगळ्यांनाच थांबवावं असा नाही. 1991च्या अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेआधीच अतिशय खंगलेल्या रुग्णांना शिरेतल्या पोषणाचा स्पष्ट फायदा झाला. जे तितके खंगलेले नव्हते, त्यांच्या वाट्याला जंतुसंसर्गच जास्त आला. ‘नाकातली राईल्स ट्यूब टोचते, ती काढा आणि शिरेतूनच द्या,’ असा आग्रह धरणाऱ्या मुलाची तगमग खरी असते, पण आतडं चालू असताना वडिलांची ती ट्यूबच जास्त सुरक्षित असते, आणि बिलही तिचंच कमी येतं.