दोन घड्याळांचा मेळ

एकाच खोलीतील दोन घड्याळे प्रारंभी अचूक जुळवून ठेवली, तरी काही दिवसांनी त्यांच्यात अंतर पडतेच. संगणकातील घड्याळही या नियमास अपवाद नाही. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सामान्यतः सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. परंतु तापमान बदलले किंवा स्फटिक जुना झाला, की कंपनसंख्येत सूक्ष्म फरक पडतो. दहा लाखांत वीस भागांची चूक असली, तरी दिवसाकाठी सुमारे पावणेदोन सेकंदांचे अंतर पडते.

हे अंतर नेहमीच क्षुल्लक नसते. अर्ज भरण्याची मुदत सायंकाळी पाच वाजता संपत असेल आणि विद्यार्थ्याचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर त्याच्या दृष्टीने पाच मिनिटे शिल्लक असतानाच दूरचा सर्व्हर अर्ज नाकारील.

मग सर्व्हरलाच वेळ विचारावी, हे उघड आहे. पण उत्तर येईपर्यंत ती वेळ शिळी झालेली असते. ही अडचण कशी दूर होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, आपल्या घड्याळात बरोबर दहा वाजता प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे तो दहा वाजून ७ सेकंदांनी पोहोचला आणि ८ व्या सेकंदास उत्तर निघाले. ते आपल्या घड्याळात दहा वाजून ५ सेकंदांनी मिळाले. एकूण ५ सेकंद गेले; त्यांपैकी १ सर्व्हरपाशी गेला, म्हणजे प्रवासास ४ लागले. येण्याचा काळ जाण्याइतकाच धरला, तर तो २ सेकंद होतो. अर्थात उत्तर हाती आले तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात दहा वाजून १० सेकंद झाले होते आणि आपले घड्याळ ५ सेकंद मागे होते. प्रत्यक्षात हा प्रवास बहुधा सेकंदाच्या अल्पांशात होतो. रीत मात्र हीच.

दोन्ही वाटांना सारखाच वेळ लागतो, हे मात्र केवळ गृहीतक होय. म्हणून एकदाच न विचारता अनेक सर्व्हरांना पुनःपुन्हा विचारतात. अशा पद्धतीचे नियम डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केले. त्या व्यवस्थेच्या मुळाशी आण्विक घड्याळे असतात. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच घड्याळांच्या साहाय्याने राखते.

लहानशी चूक सुधारताना घड्याळ एकदम मागे नेत नाहीत, तर त्याची गती किंचित कमी-जास्त करतात. काळ मागे सरकला, तर नंतरची नोंद आधीची ठरून हिशेबात घोटाळा होईल.

तथापि प्रत्येक घरातील घड्याळ दुरुस्त असेलच, असे नाही. यासाठी कुशल रचनाकार ‘पाच वाजेपर्यंत’ असे न सांगता ‘आणखी ६०० सेकंद’ असे सांगतो. भिंतीवरचे घड्याळ चुकीचे असले, तरी त्यावर दहा मिनिटे जवळजवळ बरोबरच मोजली जातात. घड्याळाची गतीतील चूक अल्प असते. दाखविलेली वेळ मात्र कितीही चुकलेली असू शकते. म्हणून शिल्लक काळ वाचकाच्या संगणकाने मोजावा आणि मुदतीचा अंतिम निर्णय सर्व्हरच्या एकाच घड्याळाने द्यावा. असे केले, म्हणजे सर्वांना एकच न्याय मिळतो.