आयपीएलच्या आधीची क्रमवारी बघून माल भरायचा का?

या विषयावरचा व्हिडिओ बारा मिनिटांत संपवावा लागला आणि आकडेमोड घाईत झाली, म्हणून इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये हिशोब आहे.

मार्च उजाडला की आमच्याकडे कपिलधारच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर एकच विषय असतो. यंदा वर कोण, खाली कोण. एकजण मुंबईला पहिलं ठेवतो, दुसरा म्हणतो चेन्नई, तिसरा मोबाईलवर कुठल्यातरी तज्ज्ञाची एक ते दहा यादी उघडून दाखवतो. बॉल एकही पडलेला नसतो, पण भांडण फायनल झाल्यासारखं. मलाही त्यात मजा येते, खोटं कशाला बोलू. पण २०२२ मध्ये मी त्या भांडणावर विश्वास ठेवून माल भरला, आणि तिथून पुढचं सगळं सुचलं.

त्या वर्षी लीगचे सगळे सामने मुंबई आणि पुण्यात होते. टपरीवर सगळ्यांचं एकमत होतं की मुंबईला घरचं मैदान मिळालंय, पाच वेळा जिंकलेला संघ आहे, आता कोण अडवतंय. दुसऱ्या नंबरवर चेन्नई, आदल्या वर्षीचे विजेते. मी होलसेलवाल्याकडून निळे ६० आणि पिवळे ४० टी-शर्ट उचलले. लोगो नसलेले, पाठीवर फक्त नंबर. (लोगोवाला डुप्लिकेट माल ठेवू नका. संघांचे लोगो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत, आणि १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात बनावट मार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. दहा रुपये जास्त सुटतात म्हणून एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.)

मुंबईने पहिले आठ सामने ओळीने हरले. पॉइंट टेबलमध्ये मुंबई दहावी, चेन्नई नववी. म्हणजे दहा संघांपैकी मी नेमके शेवटचे दोन उचलले होते. जिंकलं कोण, तर गुजरात टायटन्स. पहिल्याच वर्षी खेळणारा संघ, ज्याला लिलावानंतर बरेच जण कागदावर कमजोर म्हणत होते.

इथपर्यंत ऐकून सगळे हसतात आणि म्हणतात, सर, तुमचा अंदाज चुकला. मलाही वर्षभर तेच वाटत होतं. मग एकदा वही काढून बघितलं. पिवळे ४० पैकी ३१ गेले होते. संघ नववा आला तरी! सात नंबरचा पिवळा शर्ट मागणाऱ्या पोराला टेबलशी काही देणंघेणं नव्हतं. निळे ६० पैकी १७ गेले आणि ४३ पडून राहिले. आणि गुजरातचा शर्ट? संपूर्ण हंगामात एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही. फायनल झाल्यावरसुद्धा नाही.

आता विचार करा. समजा माझा अंदाज शंभर टक्के बरोबर आला असता. समजा मला मार्चमध्येच कळलं असतं की गुजरात जिंकणार, आणि मी गुजरातचे १०० शर्ट भरले असते. तर मी जास्त बुडालो असतो. संघ कितवा येईल आणि माझ्या दुकानातून काय जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टपरीवर वाद पहिल्यावर होतो आणि आपण त्याच्या उत्तरावर दुसऱ्याची ऑर्डर देतो. बंगळुरूचं उदाहरण घ्या. २००८ ते २०२४ एकही ट्रॉफी नाही, २०२५ ला पहिली मिळाली. पण त्या सतरा वर्षांत त्यांचे चाहते कमी होते असं कोणी म्हणेल का?

बरं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी धड मिळतं का, तेही बघू. हंगामाआधीची बहुतेक क्रमवारी दोन गोष्टींवर उभी असते. एक म्हणजे गेल्या वर्षीचं टेबल, दुसरी म्हणजे मोठी नावं आणि त्यांच्या किमती. बाकी सगळं बोलण्याची पद्धत.

गेल्या वर्षीचं टेबल किती उपयोगी पडतं याची तपासणी घरबसल्या करता येते. २०२४ चं टेबल घ्या. पहिले चार होते कोलकाता, हैदराबाद, राजस्थान, बंगळुरू. शेवटचे तीन होते गुजरात आठवी, पंजाब नववी, मुंबई दहावी. आता २०२५ चे पहिले चार बघा. पंजाब, बंगळुरू, गुजरात, मुंबई. खालचे तिन्हीच्या तिन्ही वर! आणि आदल्या वर्षीचे वरचे तीन? हैदराबाद सहावी, विजेती कोलकाता आठवी, राजस्थान नववी. ज्याने जुनं टेबल उलटं धरून अंदाज केला असता तो टपरीवरच्या सगळ्या तज्ज्ञांना भारी पडला असता.

हे एकदाच झालं असं समजू नका. २००८ मध्ये आठ संघ होते. डेक्कन चार्जर्स शेवटी, बंगळुरू सातवी. २००९ ची फायनल याच दोघांत झाली आणि डेक्कन जिंकली.

किमतीचं तर बोलायलाच नको. २०२५ च्या आधीच्या मोठ्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले, आयपीएलमधली तोपर्यंतची सगळ्यात मोठी बोली. लखनौ २०२४ ला सातवी होती, २०२५ लाही सातवीच. दुसऱ्या बाजूला पंजाबने श्रेयस अय्यरला २६.७५ कोटी दिले आणि ते फायनलला गेले. म्हणजे महाग माल वाईट असतो असंही नाही. नुसत्या किमतीवरून सांगता येत नाही, एवढंच.

असं का होतं? कारण स्पर्धाच तशी बांधली आहे. त्या लिलावात प्रत्येक संघाला सारखेच १२० कोटी होते आणि जुने जास्तीत जास्त सहाच खेळाडू ठेवता येत होते. श्रीमंत मालक दुप्पट पैसे ओतू शकत नाही. वर लीगचे सामने फक्त चौदा, तेही वीस षटकांचे. एक पाऊस, एक नो-बॉल, एका बॉलरचा खांदा, की दोन-तीन सामने इकडचे तिकडे. आणि चौथ्या-सहाव्या नंबरात फरक तेवढाच असतो.

अमेरिकेत हा यादीचा खेळ आपल्यापेक्षा मोठा आहे. तिथल्या फुटबॉलची, म्हणजे हातात अंडाकृती बॉल घेऊन पळतात त्या खेळाची, एनएफएल नावाची लीग आहे. ३२ संघ, सप्टेंबरमध्ये सुरुवात, प्रत्येकाला फक्त १७ सामने. हंगामाआधी प्रत्येक चॅनेल एक ते बत्तीस क्रमवारी लावतं आणि लोक दोन महिने त्यावर भांडतात. तिथेही १९९४ पासून संघांच्या पगाराला मर्यादा आहे, आणि कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडताना शेवटच्या संघाला पहिला मान मिळतो. त्यामुळे तिथेही टेबल उलटंपालटं होतं. १९९८ ला सेंट लुईस रॅम्स १६ पैकी ४ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी सुरुवातीआधीच त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला. त्याच्या जागी कर्ट वॉर्नर आला. हा माणूस काही वर्षांपूर्वी आयोवा राज्यात किराणा दुकानात रात्रपाळीला रॅकवर माल लावत होता. रॅम्सने त्या हंगामाची सुपर बोल जिंकली. तुमच्या दुकानात माल लावणाऱ्या पोराकडे जरा नीट बघा बरं का!

पण मला त्या लीगमधली दुसरी गोष्ट जास्त आवडते, कारण ती सरळ धंद्याची आहे. सुपर बोलच्या फायनलआधी दोन्ही संघांचे ‘आम्ही विजेते’ असे शर्ट छापून तयार ठेवतात. दोन्हींचे. सामना संपला की जिंकलेल्यांचे लगेच विक्रीला, आणि हरलेल्यांचे तिथे विकतच नाहीत. ते सामाजिक संस्थेमार्फत अमेरिकेबाहेरच्या गरजू लोकांना वाटले जातात. एवढ्या मोठ्या लीगला तज्ज्ञ कमी आहेत का? तरी ते कोण जिंकेल यावर पैज लावत नाहीत. त्यांना माहीत आहे की त्या रात्री शर्ट नसला तर जाणारी विक्री खूप मोठी, आणि उरलेल्या शर्टाचा छपाई-कापडाचा खर्च त्यामानाने लहान. म्हणून दोन्ही छापा.

हाच हिशोब आपल्याला लावायचाय. माझा शर्ट १४० ला येतो, २२० ला जातो. गेला तर ८० सुटतात. उरला तर हंगामानंतर शेतात घालायला म्हणून ६० ला जातो, म्हणजे ८० जातात. आता सूत्र असं. उरल्यावरचा तोटा भागिले (तोटा अधिक नफा). ८० भागिले १६०, म्हणजे निम्मं. याचा अर्थ, ‘पुढचा एक शर्ट जाईल’ याची खात्री मला पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच तो घ्यायचा. पहिले वीस निळे जातील का? बहुतेक. चाळिसावा जाईल का? निम्मं-निम्मं. साठावा? तिथे मी स्वतःला विचारायला हवं होतं आणि मी विचारलं ते ‘मुंबई जिंकेल का?’

आता सौदा बदलून बघा. दुसऱ्या वर्षी मी होलसेलवाल्याला म्हटलं, भाऊ, मला स्वस्त नको, उरलेला माल १२० ला परत घे. तो कुरकुरला, पण कोऱ्या मालावर तयार झाला. आता उरल्यावर तोटा फक्त २०. २० भागिले १००, म्हणजे वीस टक्के खात्री असली तरी शर्ट घ्यायला परवडतो. माझा क्रिकेटचा अभ्यास काडीचा वाढला नाही, फक्त परतीची अट मिळाली. आणि माल कोरा असल्यामुळे नंबर मागणी आल्यावर बीडमधून हीट प्रेसवर मारून आणतो. गिऱ्हाइकाला एक दिवस थांबावं लागतं. थोडे जण थांबत नाहीत, ते गेले तर गेले.

तुम्हाला क्रिकेटचं काही देणंघेणं नसेल तर आपल्या यात्रेवर हेच लावा. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात, आणि दरवर्षी स्टॉल टाकणारे आधी भांडतात की यंदा गर्दी जास्त की कमी. नारळ समजा २२ ला घेतला, ३० ला गेला आणि उरलेला व्यापारी २० ला परत घेतो, तर तोटा २, नफा ८. वीस टक्के खात्रीवरही भरा. फुलांचा हार १० ला घेतला, १५ ला गेला, आणि उरला तर दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर. तोटा १०, नफा ५. म्हणजे तीनपैकी दोनदा जाईल अशी खात्री नसेल तर तो हार घेऊ नका. गर्दीचा अंदाज दोघांना एकच, पण नारळ मोकळ्या हाताने भरायचे आणि हार हात आखडून. पावसाळ्यात धबधबा बघायला येणाऱ्यांसाठी कणसं आणि रेनकोट ठेवता ना? कणीस हाराच्या बाजूला, रेनकोट नारळाच्या. तुमचे खरे भाव घालून स्वतः करून बघा.

राहिला प्रश्न, ही टक्केवारी आणायची कुठून. टपरीवरून आणा, पण वाद घालायची पद्धत बदला. पहिला कोण असं विचारलं की प्रत्येकजण एकच नाव ओरडतो. त्याऐवजी प्रत्येकाला दहा काडेपेटीच्या काड्या द्या आणि म्हणा, शर्ट कोणत्या रंगाचा घेशील, त्यावर काड्या वाट. मी गेल्या दोन हंगामांत हे केलं. मुंबईसाठी घसा फोडणारा माणूस काड्या वाटताना सहा निळ्यावर ठेवतो, तीन पिवळ्यावर आणि एक लालवर, कारण धाकट्या पोराला विराट आवडतो. ओरडताना हे कळतच नाही. तीस-चाळीस जणांच्या काड्या मोजल्या की रंगांचं प्रमाण हातात येतं. किती शर्ट हे मात्र जुन्या वहीतूनच. ज्यांच्याकडे जुनी वही नाही त्यांनी पहिल्या वर्षी लहान ऑर्डर द्यावी आणि रोज काय गेलं तेच नाही, काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, तेही लिहावं.

कर्ज काढून हंगामी माल भरायचा विचार असेल तर हे सगळं दुप्पट काळजीने. गेल्या महिन्यात एका ताईंचा मेसेज आला. बचत गटाचं ४० हजार कर्ज उचलून सगळं एकाच संघाच्या मालात घालणार होत्या, कारण भावाने यादी दाखवली. मी त्यांना काड्यांचं सांगितलं आणि परतीची अट विचारायला लावली. होलसेलवाला परत घ्यायला तयार नव्हता. त्यांनी आठ हजारांचा माल घेतला, बाकी कर्ज उचललंच नाही. त्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो, मग त्यांचा संघ पहिला येवो नाहीतर दहावा.

माझी या वेळची पहिली ऑर्डर सांगतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये पकडता येईल. पिवळे ३०, निळे २५, लाल २०, सगळे कोरे, परतीच्या अटीवर. गुजरातचे दोन. ते दोन का, तर मांजरसुंब्याच्या बाजूला ढाब्यावर काम करणारा एक पोरगा आगाऊ पैसे देऊन गेलाय.