जुना सी कोड, नवा प्रोसेसर: 'परम'चा धडा घ्या!

नगरच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांनो, आपल्या शेजारच्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. सी-डॅकच्या महासंगणकांपैकी परम ८००० (१९९१) ट्रान्सप्युटरवर, परम १०००० (१९९८) अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म (२००३) पॉवर४ वर, तर परम युवा (२००८) झिऑनवर चालायचा. दर वेळी प्रोसेसरचं घराणंच बदललं! अशा वेळी जुना सी कोड नुसता पुन्हा कंपाइल करून भागत नाही.

हे चार सापळे तपासा:

🔹 बाइटचा क्रम: झिऑन लिटल एंडियन, अल्ट्रास्पार्क बिग एंडियन. एकावर ४ बाइटमध्ये साठवलेला १ दुसऱ्यावर तसाच वाचला, तर १,६७,७७,२१६ दिसतो! फाइलसाठी क्रम ठरवा आणि शिफ्ट वापरून एकेक बाइट वाचा-लिहा.

🔹 आकार: ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा. पॉइंटर इंटमध्ये कोंबू नका. सी९९ मधले ठरावीक आकाराचे इंटिजर वापरा.

🔹 कॅर: लिनक्समध्ये इंटेलवर साइन्ड, एआरएमवर बहुधा अनसाइन्ड. गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवलं, तर एआरएमवर फाइल संपल्याचं कळतच नाही आणि लूप फिरत राहतं. तिथे इंटच हवा.

🔹 अलाइनमेंट: विषम पत्त्यावरून इंट वाचणं इंटेल सहसा चालवून घेतो, स्पार्क मात्र बस एरर देतो. मेमकॉपी वापरा.

वेगळं मशीन नाही? क्यूईएमयू हा एम्युलेटर फुकट आहे. लॅपटॉपवरच बिग एंडियन लिनक्स चालवा आणि कॉलेजचा एखादा जुना प्रोजेक्ट त्यावर कंपाइल करून बघा. कुठे अडलं ते कमेंटमध्ये टाका, मिळून सोडवू!