पंखा लागत नाही म्हणजे मोटर जळाली, असं नव्हे

लालबागच्या उड्डाणपुलावरून गाडी सलग जाते तेव्हा तापमानाचा काटा जागचा हलत नाही. तीच गाडी गणपतीच्या दिवसांत पुलाखालून भारतमातापासून चिंचपोकळीकडे सरकू लागली की काटा वर चढतो. ‘मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी गरम व्हायचीच’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. धडधाकट गाडी तासभर एका जागी चालू राहिली, तरी उकळत नाही. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीला तो वारा फक्त पंखाच देऊ शकतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि गर्दीत गरम, असं होत असेल तर आधी पंखा तपासावा. मोकळ्या रस्त्यावरही काटा चढत असेल, तर दोष बहुधा कूलंटमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये किंवा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये असतो.

‘इंजिन चालू म्हणजे पंखा चालू’ ही समजूत जुन्या गाड्यांची. तेव्हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. तो जमाना आता सरला : मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आजच्या बहुतेक गाड्यांत पंखा विजेवर चालतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो आणि मॉडेलप्रमाणे ९५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर पंखा लागतो. सकाळी थंड इंजिनावर तो बंद दिसला, तर काहीही बिघडलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. काटा वर गेला, पंखा हलला नाही, की ‘मोटर गेली’ असा निकाल लगेच दिला जातो आणि नव्या मोटरचा खर्च गळ्यात पडतो. मोटर ही साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्याआधी फ्यूज, रिले, सेन्सर, वायरिंग आणि अर्थिंग येतं. पहिली चाचणी फुकटातली : एसी लावा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर तोच पंखा थोड्याच वेळात लागतो. लागला, तर मोटर आणि तिच्यापर्यंतची वायर शाबूत आहे. संशय सेन्सरवर घ्यायचा. (दोन पंख्यांच्या गाडीत कोणता फिरतोय ते नीट बघा.) नाही लागला, तर फ्यूज पाहा. मग रिले काढून त्याच नंबरचा दुसरा, बहुतेकदा हॉर्नचा, लावून बघा. त्यानंतर वायरमनकडून मोटरला बॅटरीचा थेट १२ व्होल्टचा पुरवठा, मध्ये फ्यूज ठेवून, देऊन घ्या. तेव्हाही ती फिरली नाही, तरच मोटर दोषी. हलकी थाप मारल्यावर फिरू लागली, तर कार्बन ब्रश झिजलेत.

पावसाळ्यात हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर वायरमनला ते आवर्जून सांगा. पंख्याच्या वायरच्या प्लगमध्ये पाणी शिरलं की त्याला हळूहळू गंज धरतो. जुलैत भिजलेला प्लग तेव्हा काहीच बोलत नाही. भाद्रपदातल्या गर्दीत पंख्याची खरी गरज लागते तेव्हा दगा देतो. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात नवी मोटर शोधायला निघण्यापूर्वी तो प्लग उघडून साफ करून बघा.

‘काटा मध्यावर आहे, म्हणजे इंजिन थंड आहे’ हेही नेहमी खरं नसतं. कूलंट खूप कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो. मग काटा खोटं सांगतो, पंख्याला हुकूम जात नाही आणि आत इंजिन भाजत असतं. त्यामुळे पंख्याच्या तक्रारीत वरच्या सगळ्या चाचण्यांच्याही आधी नजर कूलंटच्या पातळीवर टाकावी, इंजिन पूर्ण थंड असताना.

गॅरेजमध्ये हमखास मिळणारे दोन सल्ले मी ठामपणे नाकारेन. एक, ‘पंखा डायरेक्ट करून टाकू.’ चावी फिरवली की पंखा सुरू, हा तोडगा मूळ दोष झाकतो आणि मोटर लवकर झिजवतो. रिले-फ्यूजशिवाय केलेली अशी जोडणी वायर तापवून आगीला निमंत्रण देते. दुसरा, ‘मुंबईत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका.’ थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन लागेल तेवढं गरम व्हायला वेळ लावतं, जास्त इंधन पितं, जास्त झिजतं. पंखा त्याने दुरुस्त होत नाही.

काटा लालकडे गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘दादर आलंच आहे, तेवढं जाऊ’ म्हणू नका. तेवढ्यात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांपेक्षा गरम असतं आणि थेट तोंडावर उडतं. पंख्यात हातही घालू नका. कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो.

गणपतीच्या आधी एका रविवारी गाडी उघड्यावर उभी करा, एसी बंद ठेवा आणि इंजिन चालू ठेवून काट्यावर लक्ष द्या. इंजिन पुरेसं तापलं की पंखा आपोआप लागून थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. काटा मध्याच्या वर सरकू लागला आणि पंखा तरीही लागला नाही, तर इंजिन लगेच बंद करा आणि त्याच आठवड्यात वायरमन गाठा.