पोहरादेवीचा नगारा आणि चैत्राचे ऊन

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांतून आलेले भाविक येथे मुक्काम करतात. नगारा वाजतो, भजने रंगतात, एकाच चुलीवर अनेक घरांचा स्वयंपाक होतो.

एकत्र गाण्याने माणसे लवकर जवळ येतात, असे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा गायनाच्या वर्गात अनोळखी लोकांची गट्टी आधी जमली.

जत्रेत हीच गट्टी जीव वाचवू शकते. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध पडतो. अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो. आपले काही बिघडले आहे, हे रुग्णाला स्वतःला अनेकदा कळत नाही. ते सोबत्यालाच दिसते.

अशा वेळी लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे सुरूच ठेवावे.

भजनात शेजारचा आवाज अचानक थांबला, तर एकदा वळून पाहावे.