रजा आणि रुजू

आपल्या कचेरीच्या मराठीत दोन शब्द नेहमी पाठोपाठ येतात. एक 'रजा', दुसरा 'रुजू'. दोन्ही अरबीतले, फारशीच्या वाटेने आपल्या दफ्तरात येऊन बसलेले. रजा म्हणजे मूळची संमती, वरिष्ठाने राजी होऊन दिलेली मोकळीक. रुजू म्हणजे मुळात परत फिरणे. आपल्या 'रुजणे' या क्रियापदाशी त्याचे काही नाते नाही. पण मराठी कान मोठा लबाड, त्याला ते ऐकू येतेच. 'अमुक तारखेस कामावर रुजू झालो' असे कोणी लिहिले, की उपटलेले रोप पुन्हा वाफ्यात लावल्याचा भास होतो. भाषा शिकवणाऱ्याने असल्या भासांना भुलू नये हे खरे. परंतु दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाच्या बाबतीत हा चुकीचा अर्थच अधिक बरोबर आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

चार दिवसांच्या तापाची गोष्ट वेगळी. पण अर्धांगाचा झटका, कर्करोग, मणक्याची शस्त्रक्रिया, किंवा ज्याचे नाव घरातही हलक्या आवाजात घेतले जाते तो मनाचा आजार, असे काही घरात शिरले म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात. पगार किती महिने येईल? नोकरी टिकेल का? आणि उठून बसल्यावर पहिल्या दिवशी किती काम करायचे? पहिले दोन प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात विचारले जातात. तिसरा सहसा कोणी विचारीत नाही. आपले 'फिटनेस सर्टिफिकेट' हा सगळे किंवा काहीच नाही अशा थाटाचा कागद आहे. काल संध्याकाळपर्यंत माणूस आजारी. आज सकाळी तो लोकलच्या गर्दीसकट आठ तासांना लायक!

या तिसऱ्या प्रश्नाचा ज्या देशाने ध्यास घेतला, तो म्हणजे नेदरलँड्स, आपल्या जुन्या बोलीतले हॉलंड. वेंगुर्ल्याला ज्यांच्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, तेच हे वलंदेज. आज आमस्टेलफेन, आइंडहोवन या गावांत मराठी घरे पुष्कळ झाली आहेत, आणि तिकडच्या मुलाने किंवा सुनेने 'आजारी आहे, पण पगार चालू आहे' असे कळवले की इकडच्या आईवडिलांना ते खरेच वाटत नाही. ते खरे आहे. मात्र त्यामागची हकीकत वाटते तितकी गोड नाही.

तेथील कायदा असा. कायम नोकरीतला माणूस आजारी पडला तर मालकाने त्याला १०४ आठवडे, म्हणजे दोन वर्षे, निदान ७० टक्के वेतन द्यावयाचे. अधिक वेतनवाल्यांसाठी या ७० टक्क्यांच्या हिशेबाला एक कमाल मर्यादा आहे. आणि पहिल्या वर्षी ही रक्कम किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. पुष्कळ धंद्यांतल्या सामुदायिक करारांत पहिल्या वर्षी पुरा पगार मिळतो. या दोन वर्षांत आजारपणाच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. मध्ये माणूस बरा होऊन पुन्हा पडला, तर दोन आजारांतले अंतर चार आठवड्यांहून कमी असल्यास पहिलीच मोजणी पुढे चालू. अधिक असल्यास नवी १०४ आठवड्यांची पाटी. आजार कामामुळे झाला की बर्फावर घसरून, याची येथे चौकशी नाही.

हे औदार्य एका मोठ्या ठेचेनंतर या रूपाला आले. १९६७ साली डच लोकांनी अपंगत्व विम्याचा कायदा अमलात आणला. काम करण्याची शक्ती गेली की आधीच्या वेतनाच्या ८० टक्के, तेही निवृत्तीपर्यंत. हेतू उत्तम. पुढे कारखान्यांना वाईट दिवस आले तेव्हा मालकांना आणि युनियनांनाही या कायद्यात एक सोयीचे मागील दार दिसले. पन्नाशीच्या कामगाराला काढून टाकण्याऐवजी 'अपंग' ठरवले की कोणाचेच वाईट नाही! कामगाराला बेकारीपेक्षा चांगला भत्ता, मालकाला संप नाही, युनियनला भांडण नाही. दीड कोटी वस्तीच्या त्या देशात हे भत्तेकरी वाढत वाढत दहा लाखांच्या दिशेने निघाले. १९९० साली पंतप्रधान रूड लुबर्स यांनी जाहीरपणे सांगितले, की आपला देशच आजारी आहे. पुढच्या वर्षी सरकारने भत्त्याला कात्री लावायचे ठरवले, तर १७ सप्टेंबर १९९१ रोजी हेगच्या मैदानावर सुमारे अडीच लाख माणसे निषेधाला जमली.

त्यानंतर डचांनी जे केले ते हिशेबी माणसाचे काम होते. भार टप्प्याटप्प्याने मालकावर टाकला. १९३० पासून चालत आलेला आजारविमा १९९४ पासून कमी कमी करीत नेला. १९९६ साली पहिल्या वर्षाचे वेतन मालकाच्या गळ्यात पडले, आणि २००४ पासून दुसऱ्याही वर्षाचे. तर्क उघड आहे. ज्याच्या खिशातून पैसा जातो, तोच माणूस लवकर परतावा म्हणून धडपडेल. जुना अपंगत्व कायदा नव्या लोकांसाठी बंद होऊन त्याच्या जागी नवा, बराच कडक कायदा आला.

आणि या सगळ्याच्या मधोमध १ एप्रिल २००२ रोजी एक कायदा अमलात आला. त्याच्या डच नावाचा अर्थ शब्दशः 'द्वारपाल-सुधारणा कायदा' असा होतो. सरकारी कायद्याला असे नाव! पण नाव चपखल आहे. अपंगत्वाच्या भत्त्याच्या दारावर पहारा बसवायचा, आणि त्या दारापर्यंत माणूस पोहोचूच नये म्हणून वाटेतच त्याला कामाकडे वळवायचे.

ही वाट आठवड्यांनी मोजलेली आहे. सहाव्या आठवड्यापर्यंत मालकाने नेमलेला व्यवसाय-वैद्य लिहून देतो, की हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही. आठव्यापर्यंत मालक आणि कर्मचारी समोरासमोर बसून परतीचा आराखडा करतात व त्यावर दोघे सही करतात. मग दर सहा आठवड्यांनी बैठक. बेचाळिसाव्या आठवड्याला सरकारी विमा संस्थेला कळवायचे, वर्ष भरताच आढावा, त्र्याण्णवाव्या आठवड्यापर्यंत, बरे वाटलेच नाही तर, भत्त्याचा अर्ज. अर्ज आला की संस्था आधी आराखड्याची वही तपासते. मालकाने प्रयत्नांत कुचराई केली असे दिसले, तर शिक्षा म्हणून आणखी एक वर्षापर्यंत वेतन चालू ठेवण्याचा हुकूम होतो. कर्मचाऱ्यालाही सूट नाही. झेपण्यासारखे काम पुढे केले आणि त्याने सबळ कारणाशिवाय नाकारले, तर त्याचे वेतन थांबते आणि थांबलेले परत मिळत नाही.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो हळूहळू परतण्याचा. आठवड्यातून तीन सकाळी, दोन दोन तास. मग चार तास. मग निम्मी वेळ. पैशाचा हिशेबही त्याबरोबर सरकतो. समजा पगार ४,००० युरो आहे. पूर्ण आजारपणात ७० टक्क्यांनी २,८०० मिळतील. निम्मी वेळ आपले नेहमीचे काम सुरू झाले, की साधारण रीत अशी, की त्या निम्म्या वेळेचे पुरे २,००० आणि उरलेल्या निम्म्यावर ७० टक्क्यांनी १,४००, मिळून ३,४००. मात्र काम नुसते 'सवयीसाठी' असेल, म्हणजे बसता येते का, लक्ष लागते का एवढेच पाहायचे असेल, तर आजारपणाचा दरच चालू राहतो. म्हणून कोणत्या तारखेपासून कोणत्या प्रकारचे काम, हे कागदावर आणून घ्यावे, असा सल्ला तेथील जाणते देतात. जुनी जागा झेपत नसेल तर त्याच कचेरीत दुसरी शोधायची. तेथेही जमले नाही तर मालकाने दुसऱ्या मालकाकडे जागा शोधण्यास मदत करायची. या दोन वाटांना ते पहिला रूळ आणि दुसरा रूळ म्हणतात.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. 'तुला काय झाले आहे?' हा प्रश्न डच मालकाला विचारता येत नाही! किती दिवस लागतील, कोणती कामे अडली आहेत, कोठे भेटता येईल, वाहनाच्या अपघातात दुसऱ्याची चूक होती का, एवढेच विचारायचे. आजाराचे नाव वैद्यापाशी राहते. कर्मचाऱ्याने आपण होऊन सांगितले तरी मालकाने ते टिपून ठेवायचे नाही. आपल्याकडे वैद्यकीय दाखला साहेबाच्या टेबलावर पोहोचण्याआधी शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत साऱ्यांनी वाचलेला असतो, आणि मनाच्या आजाराचा असेल तर माणूस परतेपर्यंत त्याचे टोपणनावही ठरलेले असते. वैद्याचे पैसे मालक देतो, तेव्हा तो कोणाची बाजू घेणार, ही शंका तेथेही आहेच. म्हणून १ जुलै २०१७ पासून दुसऱ्या व्यवसाय-वैद्याचे मत मागण्याचा हक्क मिळाला आहे, आणि त्याचा खर्चही मालकाकडेच.

एवढ्या बांधबंदिस्तीतूनही पाणी गळतेच. दोन नोकर असलेल्या बेकरीवाल्याला एका नोकराचे दोन वर्षांचे वेतन म्हणजे दिवाळे. तो विमा उतरवतो, नाहीतर कायम नोकरी देण्याचेच टाळतो. तात्पुरत्या कराराचा माणूस आजारी असताना करार संपला, की मालकाची जबाबदारी संपते आणि त्याला सरकारी आजारभत्त्याकडे जावे लागते. सर्वांत चमत्कारिक प्रकार 'झोपलेल्या नोकरी'चा. दोन वर्षे भरली की वेतन बंद. पण रीतसर नोकरी संपवली तर सेवेच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. मग काही मालक नोकरी संपवीतच नसत. माणूस पटावर, खुर्ची रिकामी, पगार शून्य. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कर्मचाऱ्याने मागणी केल्यास मालकाने भरपाई देऊन अशी नोकरी संपवण्यास सहसा मान्यता दिली पाहिजे. दाराच्या पलीकडेही गर्दी आहे. ३५ टक्क्यांहून कमी कमाईशक्ती गेली असेल तर अपंगत्वाचा भत्ता मिळतच नाही. तपासणारे वैद्य अपुरे, त्यामुळे निकालाला उशीर. आणि २०२४ साली तर विमा संस्थेने कित्येकांचे भत्तेच चुकीचे मोजल्याचे उघडकीस आले.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र कोणी समजू नये. प्राध्यापक अडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालातून १९४८ चा कायदा झाला, आणि १९५२ पासून राज्य कामगार विमा योजना सुरू झाली. तीत आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, अटी पुऱ्या होत असल्यास, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. हे आकडे डचांपुढे मान खाली घालण्यासारखे नाहीत. पण तिच्यात येण्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी महिना २१,००० रुपये ठरली. त्याच्यावरचा मध्यमवर्गीय पगारदार साठवलेल्या रजेवर, अर्धपगारी रजेवर आणि साहेबाच्या मर्जीवर जगतो. आणि सहाव्या आठवड्याला त्याला कोणी विचारीत नाही, की बाबा रे, तुला आता काय काय जमेल?

आता तिकडे मुले असलेल्या घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सून आजारी पडली की साताऱ्याची किंवा नागपूरची आई प्रथम म्हणते, 'सरळ इकडे निघून ये, महिनाभर माझ्या हातचे खा, बरी होशील.' औषध बिनतोड आहे. पण आजारपणातही त्या सुनेवर वैद्याला भेटण्याची, बैठकांना हजर राहण्याची जबाबदारी असते. न सांगता माहेरी आली तर वेतन रोखले जाऊ शकते. तिने आधी मालकाला कळवावे, प्रवासाने बरे होण्यात अडथळा नाही असे वैद्याचे मत घ्यावे, आणि तेवढ्या दिवसांची वार्षिक सुटी मांडावी. ती सुटी आजारपणातही साठतच असते. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आराखड्यात ती तारीख लिहून घ्यावी, आणि लाडू त्यानंतर वळायला घ्यावेत.