परराष्ट्र खाते काय करते?

बांधावरून दोन शेजारी भांडताना तुम्ही पाहिले असतील. काठ्या निघाल्या तर डोकी फुटतात आणि कोर्टात गेले तर वर्षे जातात. म्हणून जाणती माणसे सांगतात, "बाबांनो, बसून बोला." देशादेशांतही अशी भांडणे असतात. तिथे आपल्या देशाच्या वतीने बोलायचे काम परराष्ट्र खात्याचे.

हे मंत्रालय दिल्लीत आहे. पंडित नेहरू पंतप्रधान असताना १९४७ ते १९६४ पर्यंत स्वतःच हे खाते सांभाळीत. देवराष्ट्रे या खेड्यात जन्मलेले आपले यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होते. परदेशात आपले राजदूत राहतात. त्यांच्या कचेरीला वकिलात म्हणतात.

आता बोलण्याने काय होते ते बघा. आपली आणि बांगलादेशाची सीमा मोठी चमत्कारिक होती. आपल्या जमिनीचे १११ तुकडे त्यांच्या पोटात आणि त्यांचे ५१ तुकडे आपल्या पोटात! तिथल्या लोकांना धड ना हा देश, ना तो. वीज नाही, दवाखाना नाही. पोराला शाळेत घालायचे तर खोटा पत्ता सांगायचा. १९७४ साली दोन्ही देशांनी करार केला. पण तो पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. कोणत्या देशाचे नागरिक व्हायचे, हे लोकांनी स्वतः ठरवले. ४१ वर्षे लागली खरी, पण त्यासाठी लढाई करावी लागली नाही.

दुसरे काम आपल्या माणसांची काळजी घेण्याचे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. पोटापाण्यासाठी गेलेले आपले हजारो लोक तिथे अडकले. विमानतळ बंद, पगार बंद. तेव्हा परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन इराकच्या राज्यकर्त्यांशी बोलले. वाट मोकळी झाली. लोक बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मान शहरी आले आणि तिथून विमानाने मुंबईला. अशी १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे सुखरूप घरी पोचली.

पासपोर्टही हेच मंत्रालय देते. 'या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावे, लागेल ती मदत करावी' अशी विनंती त्यावर राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते. परदेशात पासपोर्ट हरवला तर घाबरायचे नाही. आधी आपली वकिलात गाठायची. घरी परतण्यापुरता कागद तिथे मिळतो. तुमच्यापैकी कोणी उद्या परदेशी शिकायला जाईल, त्याने हे ध्यानात ठेवावे.

आता एक काम करा. वर्गातल्या नकाशात कुवेत, बगदाद आणि अम्मान शोधा. मग तिथून मुंबईपर्यंत बोट फिरवा. आपली माणसे किती लांबून घरी आली, ते कळेल.